घरच्या मिक्सरात प्रोटीनवाली थंडगार कॉफी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आधी फ्रीझर उघडून बघा. बर्फाचा ट्रे रिकामा असेल तर ही कॉफी आज करू नका, उद्या करा. मनापासून सांगतेय, ज्यांची ज्यांची ही कॉफी बिघडते ना, त्यातल्या बहुतेकांची मिक्सर चालू करायच्या आधीच बिघडलेली असते. कॉफी कोमट, दूध अर्धा तास ओट्यावर ठेवलेलं, बर्फाचे चारच खडे, आणि त्यावर महागाची प्रोटीन पावडर ओतली की मग वर नुसता फेस, खाली पातळ पाणी आणि मधे पिठाच्या गुठळ्या. सगळं थंड पाहिजे, अगदी जारसुद्धा. रात्री दहा मिनिटं दिलीत तर सकाळी दोन मिनिटांत ग्लास हातात येतो.

मी बेळगावात अनगोळला राहते, दोन वर्षं झाली सकाळी जिमवरनं आले की हीच पिते. सुरुवातीला आई रोज विचारायची, "काय करालीस गं सकाळी सकाळी मिक्सर लावून, एवढं गार पिलीस तर घसा धरंल की." आता बारीक ग्लासात तिलाही लागते. गल्लीतल्या दोघीतिघींना शिकवली, भावाच्या मित्रांना शिकवली (कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर असल्यानं आमच्याकडं भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं भरपूर), आणि प्रत्येकाला त्याच त्याच चार गोष्टी सांगाव्या लागल्या म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय.

प्रोटीन कशाला हवं, हे थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली जे आकडे दिले त्याप्रमाणं मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. वाटीभर आमटीत, ती किती दाट त्यावर, 4-5 ग्रॅम निघतात, भाकरीतनं थोडे, दुधातनं थोडे. मटण-अंडी रोज न खाणाऱ्या घरात आणि त्यात व्यायाम चालू असेल तर हा आकडा गाठायला ओढाताण होते, एवढंच. यात नवीन फॅड असं काही नाही. आपल्या तालमीतली पोरं बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून थंडाई पितातच की, मेहनत झाल्यावर दुधातनं ताकद घ्यायची ही कल्पना आपल्या मातीतलीच आहे, इथं फक्त कुंडीच्या जागी मिक्सर आणि बदामाच्या जोडीला कॉफी आली.

कॉफी आदल्या रात्री

कॉफीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, देशातली जवळजवळ 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, चिक्कमगळूर, कोडगू, हासन इथनं. पण आमच्या मराठी घरांत चहाच जास्त, कॉफी म्हणजे पाहुणे आल्यावर दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली. मला फिल्टर लावायला शिकवलं ते वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी, त्या मंगळूरकडच्या, त्यांच्याकडं पितळेचा फिल्टर रोज रात्री भरलेला असतो.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. तो असेल तर असं करा. वरच्या भांड्यात वाढायच्या लहान डावानं (पोहे खायच्या चमच्यानं नको), म्हणजे साधारण 25 ग्रॅम, कॉफी पावडर घाला. वरची चकती हलकीच दाबा, घट्ट दाबली तर पाणी खाली उतरतच नाही आणि सकाळी बघावं तर वर तळं साचलेलं. आता उकळतं पाणी आधी दोन चमचे गोल फिरवून घाला, पावडर फुगू दे, मिनिटभरानं बाकीचं, सगळं मिळून 150 मिली. झाकण ठेवा आणि विसरून जा. अर्ध्या तासात खाली शंभरेक मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, जमतं, बाकीचं पाणी पावडर पिऊन टाकते. रंग असा पाहिजे की चमच्यात घेतलं तर चमच्याचा तळ दिसू नये. दिसत असेल तर ते या कामाला पातळ आहे, ते उकळत्या दुधात घालून पिऊन टाका आणि उद्या पावडर वाढवा. थंड पदार्थात कॉफीची चव दबते, त्यात दूध, पावडर, बर्फ, म्हणून गरम कॉफीला जेवढं कडक घेता त्याच्या दीडपट तरी कडक इथं लागतं.

पावडर आणताना दुकानदार विचारतो, चिकोरी किती. 80-20 म्हणजे 80 भाग कॉफी 20 भाग चिकोरी. चिकोरी हे एक मूळ असतं, भाजून दळलेलं, त्यात कॅफीन नसतं, रंग आणि दाटपणा मात्र मस्त येतो. मी 80-20 घेते. 60-40 घेतलीत तर रंग काळा येईल पण बर्फात ती चव कडवट गुळासारखी लागते, मला नाही आवडत.

फिल्टर नसेल तर काही अडत नाही, इन्स्टंटचे दोन लहान चमचे चार चमचे कोमट पाण्यात नीट विरघळवा आणि वाटी झाकून फ्रीजात ठेवा. इन्स्टंट थेट थंड दुधात टाकू नका, वर काळे ठिपके तरंगत राहतात आणि ते दाताखाली आले की कडू लागतात.

आता खरी गंमत ट्रेची. डिकॉक्शन पूर्ण गार झालं की बर्फाच्या ट्रेत ओता. एका ट्रेत अर्धे खण कॉफीचे, अर्धे साध्या पाण्याचे. कॉफीचाच बर्फ असल्यानं तो वितळला तरी कॉफी फार पातळ होत नाही, हा सगळा फरक तिथं पडतो. मी आठवड्यातनं दोनदा ट्रे भरते, गोठले की डब्यात काढते. झाकणाचा डबाच घ्या, फ्रीझरमध्ये मासे-मटण असेल तर उघडा बर्फ वास ओढतो. न गोठवलेलं डिकॉक्शन फ्रीजात दोन दिवस चांगलं राहतं, नंतर शिळा वास मारायला लागतो. लाईट जायचे दिवस असतील, म्हणजे वळीव सुरू झाला की, तेव्हा एकदम पंधरा दिवसांचे खडे करून ठेवू नका, अर्धे वितळून परत गोठले की सगळे एकमेकांना चिकटून दगड होतो.

दूध कुठलं

पिशवीतलं टोन्ड दूध यासाठी सगळ्यात सोपं, त्यात 3 टक्के फॅट असतं. नंदिनीची अर्ध्या लिटरची पिशवी घेतली तर आपले अडीच ग्लास, म्हणजे 200 मिलीला एक माणूस. 200 मिली दुधात 6 ग्रॅमच्या वर प्रोटीन मिळतं, दूध महागातलं घ्या नाहीतर साधं, त्यात फार फरक पडत नाही, फरक पडतो फॅटमध्ये.

गवळ्याचं म्हशीचं दूध असेल तर एक काळजी घ्या, आणि ही मला कुणी आधी सांगितली नव्हती. तापवून, रात्रभर फ्रीजात ठेवून, सकाळी वरची साय पूर्ण काढून टाका. साय तशीच ठेवून बर्फाबरोबर मिक्सर फिरवला की काय होतं, आपण ताक घुसळतो तेच होतं, लोणी निघतं. ग्लासाच्या कडेला पिवळसर बारीक कण दिसतात, ओठाला तूपकट लागतं. माझी सासूबाईंकडची पहिली कॉफी तशी झाली होती, खानापूरकडं त्यांच्या घरी म्हशी आहेत, दूध इतकं दाट की मी हौसेनं सायीसकट घातलं. त्यांनी शांतपणे ते लोणी चमच्यानं काढून भाकरीवर घेतलं आणि मला सांगितलं, साय काढून कर परत.

ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांनी सोया मिल्क घ्यावं, बिनसाखरेचं. त्यात प्रोटीन गाईच्या दुधाइतकंच असतं. बदामाच्या तयार दुधात बहुतेक वेळा फारच कमी असतं, पाठीमागचा तक्ता वाचून घ्या.

प्रोटीन कशातनं

इथं दोन वाटा आहेत, डब्यातली पावडर आणि घरातलं सामान. दोन्ही चांगल्या, मी दोन्ही करते, महिन्याच्या शेवटी डबा संपला की घरातलं.

डबा घेणार असाल तर पुढचं चित्र बघू नका, मागचा तक्ता बघा. त्यात 'प्रति 100 ग्रॅम' असा रकाना असतो, तिथं प्रोटीन किती लिहिलंय ते बघायचं. व्हे म्हणजे दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन, सुकवून पावडर केलेलं. त्यातलं कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण 70 ते 80, जास्त शुद्ध केलेलं आयसोलेट असेल तर 90 च्या आसपास. 20-25 दिसलं आणि घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तो मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर आहे, त्यात मुख्य माल पिठूळ साखर, तो या कॉफीसाठी नको. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) 14 आकडी परवाना नंबर, सील, तारीख हे सगळं बघा, आणि सुट्टी पिशवीत बांधून दिलेली पावडर कितीही ओळखीच्यानं दिली तरी घेऊ नका, ती कुठली, कधीची, कशाची, काहीच कळायला मार्ग नसतो. पैशाचा हिशोब असा करा: समजा 1 किलोच्या डब्यात 33 ग्रॅमचे 30 स्कूप (डब्यातला मापाचा चमचा), प्रत्येकात 24 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एकूण 720 ग्रॅम प्रोटीन. डब्याच्या किमतीला या 720 नं भागा. दुसऱ्या डब्याचंही तसंच करा आणि मग ठरवा स्वस्त कुठला, नुसतं किलोच्या भावावरनं फसायला होतं.

चव पहिल्यांदा घेताना चॉकलेट किंवा व्हॅनिला घ्या, कॉफीबरोबर दोन्ही जमतात. मँगो, स्ट्रॉबेरी अजिबात नको. बिनचवीची पावडर स्वस्त पडते पण तिला दुधाच्या पावडरीचा उग्र वास असतो, जायफळ किसून घातलं तरच मला जमते. आणि बहुतेक डब्यांत गोडवा आधीच घातलेला असतो, म्हणून साखर आधी घालू नका, चाखून मग.

आता घरातलं सामान. सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर, स्किम्ड मिल्क पावडर म्हणून मिळते. शंभर ग्रॅममध्ये 35 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, म्हणजे चार मोठे चमचे, 30 ग्रॅम घातली की 10 ग्रॅम आले. चहात घालायचं डेअरी व्हाईटनर वेगळं, त्यात साखर असते आणि प्रोटीन कमी, रंगरूप सारखं दिसतं म्हणून लोक तेच आणतात. दुसरी वस्तू ताजं मऊ पनीर, 50 ग्रॅममध्ये साधारण 9 ग्रॅम. पनीर आणि कॉफी ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं, पण नीट फिरवलं तर पनीर आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आईस्क्रीम घातल्यासारखा दाटपणा येतो. तेवढं फक्त ताजं पाहिजे, फ्रीजात चार दिवस पडलेलं रबरासारखं पनीर कितीही फिरवा, रवाळच राहतं. तिसरी वस्तू पुटाणी, म्हणजे भाजक्या हरभऱ्याची डाळ, चिवड्यात घालतो ती. पुटाण्याची डाळ कोरडी अगदी बारीक दळून, मैद्याच्या चाळणीनं चाळून बरणीत भरून ठेवा. दोन मोठे चमचे, 20 ग्रॅम धरा, त्यात साडेचार ग्रॅम मिळतात. पुटाण्याचा खमंग वास कॉफीच्या भाजक्या वासाशी असा काही जुळतो की कधीकधी मी डबा असतानाही एक चमचा घालते. चाळायचा कंटाळा करू नका, न चाळलेलं पीठ ग्लासाच्या तळाशी बसतं.

मग घरचा हिशोब बघा, दूध 6, दूध पावडर 10, पनीर 9, झाले 25 ग्रॅम. डब्याच्या कॉफीत दूध 6 आणि स्कूप 24, झाले 30. फार मागं नाही की घरचं. एक मात्र, पनीरसाठी दूध फाडल्यावर जे हिरवट पाणी राहतं त्यालाही व्हे म्हणतात म्हणून काहीजण तेच ग्लासभर ओततात. त्या पाण्यात प्रोटीन फारच थोडं असतं, शंभर मिलीला एक ग्रॅमसुद्धा नाही. ते आमटीत, कणकेत वापरा, छान लागतं, पण प्रोटीन म्हणून मोजू नका.

कच्चं अंडं घालू नका. तालमीत घालतात, आमच्या आजोबांनी घातलं असेल, पण कच्च्या अंड्यात जंतूंची भीती असते आणि त्यातलं प्रोटीन शिजवलेल्या अंड्याइतकं अंगी लागतही नाही.

आता मिक्सर

घरचा साधा 500 वॉटचा मिक्सर चालतो, 750 असेल तर उत्तम. जार मोठा घ्या, दीड लिटरचा. चटणीच्या जारमध्ये बर्फ घालायचा नाही, पातं अडकतं, मोटर घुं घुं करत तापते. मिक्सर एकदम बंद पडला तर घाबरू नका, बहुतेक मिक्सरना खालच्या बाजूला लाल बटण असतं, प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, ते बटण दाबा, परत चालू होतो.

रिकामा जार सकाळी उठल्या उठल्या फ्रीजात ठेवा. मग क्रम, हा अजिबात बदलू नका. पहिल्यांदा 200 मिली दूध, फ्रीजातनं काढल्या काढल्या. त्यावर चिमूटभर मीठ, खरंच चिमूटभर, त्यानं कॉफीचा कडवटपणा बसतो आणि गोडी वर येते, साखर कमी लागते. मग पावडर, किंवा घरचं सामान. पावडर तळाला आधी टाकून वर दूध ओतलं की ती पात्याखाली चिकटून बसते, म्हणून दूध आधी. झाकण लावून 10 सेकंद फिरवा, पनीर असेल तर पूर्ण 40 सेकंद, बोटानं चोळून बघा, कण लागायला नको.

आता बर्फ. कॉफीचे तीन खडे, साधे पाच. झाकणावर हात दाबून धरा आणि नॉब उलट्या बाजूला फिरवून पल्स द्या, एक सेकंद चालू एक सेकंद बंद, पाच-सहा वेळा. कान देऊन ऐका. आधी खडखड खडखड असा आवाज येतो, जारमध्ये कुणी गोट्या टाकल्यासारखा, मग तो बारीक होत होत नुसता घरघर उरतो. तो बदलला की दोन नंबरवर 15 सेकंद, बस. झाकण उघडल्यावर मधे खड्डा आणि कडेनं जाडसर लाट असं दिसलं, चमचा उभा धरला तर हळूच कलंडतो, म्हणजे झालं. इन्स्टंट वापरत असाल तर ती थंड कॉफी दुधाबरोबर आधी घाला आणि साधे खडे आठ करा.

जास्त फिरवू नका. व्हेला फेस फार लवकर येतो, मिनिटभर फिरवलंत की अर्धा ग्लास फेसच, पोटात हवा जाऊन नंतर ढेकर येत राहतात. फेस झालाच तर मिनिटभर थांबा, चमच्यानं हळू ढवळा, बसतो.

आणि गरम डिकॉक्शन बंद जारमध्ये कधीही नाही. माझ्या हातनं पहिल्याच आठवड्यात झालं. उशीर झाला होता, फिल्टरमधनं वाफ येत होती ते तसंच ओतलं, वर स्कूप, झाकण दाबलं आणि चालू केलं. वाफेनं झाकण उडालं, भिंतीवर, माझ्या मनगटावर, आणि जे जारमध्ये उरलं त्यात रबरासारखे पांढरे गोळे. मनगट भाजलं होतं, दोन दिवस दुखत होतं. उष्णतेनं व्हे असं गोठतं, अंड्याचा पांढरा गोठतो ना तसंच. त्यातली ताकद जात नाही म्हणा, पण ते गोळे कुणाच्यानं गिळवणार. गरम कॉफीतच पावडर घ्यायची असेल तर पावडर आधी थोड्या थंड दुधात गुठळी न ठेवता फेटा आणि मग कोमट कॉफी थोडी थोडी ओता.

गोडीसाठी मी अर्धं जवारी (गावठी) केळं घालते, आधी सोलून, चकत्या करून गोठवलेलं. सालीसकट ठेवू नका, साल काळी पडते आणि दगडासारखी चिकटते, सकाळी सुरीनं खरवडत बसावं लागतं. केळ्यानं दाटपणाही येतो, म्हणून बर्फ दोन खडे कमी चालतो. खजूर घालायचा तर बी काढलेले दोन खजूर रात्रीच दुधात भिजवा, बी राहिली तर पात्याचं वाटोळं. गूळ थंड दुधात चालतो पण विरघळत नाही, किसून आधी कॉफीत विरघळवून घ्या. चिकू आणि कॉफी ही जोडी एकदा करून बघाच, चिकूच्या दिवसांत आमच्याकडं दुसरं काही होत नाही.

पातळ झाली तर पुढच्या वेळी 200 पैकी 50 मिली दूधच ट्रेत गोठवा, बर्फाचं पाणी कमी होतं. फार घट्ट झाली तर दोन चमचे थंड दूध, पाणी नको. पिठूळ लागली तर पुटाण्याचं पीठ जाड आहे. कडू लागली तर साखर वाढवायच्या आधी मिठाची चिमूट विसरलात का ते बघा.

हॉस्टेलवर मिक्सर नसेल तर

बेळगावात खोल्या करून राहणारी पोरं-पोरी खूप, त्यांच्यासाठी. झाकणाची शेकर बाटली घ्या, आतल्या तारेच्या चेंडूसकट. दूध आणि थंड कॉफी आधी, पावडर नंतर, जोरात 30 वेळा हलवा. बर्फ जाड पंचात बांधून लाटण्यानं किंवा बत्त्यानं ठेचा, बारीक चुरा झाला पाहिजे, तो बाटलीत घालून परत हलवा. मिक्सरसारखं गुळगुळीत होत नाही, पण थंड होतं आणि प्रोटीन तेवढंच. पनीर यात जमत नाही. फ्रीज नसेल तर अर्ध्या लिटरचं टेट्रा पॅकचं दूध आणि कोपऱ्यावरनं बर्फ, पण तो बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का ते विचारून घ्या, मासे ठेवायचा बर्फ वेगळा असतो.

कधी आणि कुणी

मी व्यायामानंतर अर्ध्या तासात पिते कारण तेव्हा भूक लागते, घड्याळ लावून प्यायची गरज नाही. संध्याकाळी पाचनंतर मात्र नको, कॅफीन अंगातनं अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, रात्री छताकडं बघत पडावं लागतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं असं धरतात, गरोदर बाईला 200. इन्स्टंटच्या भरल्या चमच्यात 60 च्या आसपास असतं, चहातही असतं, तेही मोजा.

आपल्या बायकांसाठी एक महत्त्वाचं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर गोळी आणि कॉफी यात तासभर अंतर ठेवा, कॉफीनं गोळी नीट लागू पडत नाही. लोहाच्या गोळीचंही तेच, आणि दूध असल्यानं अंतर अजून वाढवलेलं बरं, मी आईची लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर केलीय डॉक्टरना विचारून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वाढीव प्रोटीन डॉक्टरना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. साखर असणाऱ्यांनी केळं-खजूर सोडा, दुधाच्या पावडरीतही दुधाची साखर निम्मी असते ते लक्षात ठेवा. लहान मुलांना कॉफीचे खडे न घालता दूध, केळं, पुटाणी आणि वेलदोडा एवढंच फिरवून द्या, माझ्या भाचीला तेच आवडतं.

रविवारी मी थोडी सूट घेते, साखर-केळं काही नाही, त्याऐवजी चमचाभर कुंदा. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तांबूस केलेलं, त्याचा तो खरपूस गोडवा कॉफीत असा उतरतो की वरनं नुसतं जायफळ किसलं तरी पुरे. कुंदा बर्फाबरोबर नाही, आधी दुधाबरोबर फिरवा, नाहीतर थंडीनं घट्ट होऊन पात्याला गोळा बसतो.

ग्लास ओतला की जार लगेच धुवा, पिऊन झाल्यावर नाही. दूध आणि व्हे वाळलं की दुपारपर्यंत असा आंबट वास सुटतो की संध्याकाळी त्याच जारमध्ये वाटलेल्या खोबऱ्याला येतो. जारमध्ये पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून दहा सेकंद फिरवायचं, ओतायचं, मग झाकणाची रबर रिंग काढून वेगळी धुवायची. बहुतेकजण ती रिंग काढतच नाहीत, आणि वास तिथंच असतो.